पत कुणाची

आशा गायधनीला राग येत नाही, अशी सासरी तिची ख्याती होती. सासूबाई पाहुण्यांना कौतुकाने सांगायच्या, "आमची आशा म्हणजे गरीब गाय." खरं म्हणजे आशाला राग यायचा, लहानपणापासून यायचा. पण रागावून बसायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ तिच्याकडे कधी नव्हता.

नाशिकरोडला जेल रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं घर होतं. नवरा किशोर एकलहऱ्याला, थर्मल वीजकेंद्रात टेक्निशियन. लग्नानंतर काही वर्षांनी थर्मलला शिकाऊ म्हणून आलेली दोन मुलं किशोरच्या ओळखीने जेवायला येऊ लागली. परभणीकडची होती, बाहेरचं तेलकट खाऊन आजारी पडलेली. त्या दोघांची चार झाली, चारांची दहा. मग आशाने पुढच्या खोलीतला पलंग काढून बाकं टाकली आणि घराची मेस झाली. भाकऱ्या थापायला हरसूलची भागीबाई आली. ती आधी द्राक्षाच्या छाटणीला दरवर्षी डोंगरातून खाली यायची, ती मेसच्या चुलीपाशी कायमची राहिली. २००२ पर्यंत मेसचं उत्पन्न किशोरच्या पगाराच्या बरोबरीला आलं होतं, एखाद्या महिन्यात वरही जायचं. हे दोघांनाही ठाऊक होतं. घरात कुणी बोलून दाखवत नसे, एवढंच.

त्याच वर्षी एका खाजगी बँकेच्या माणसाने थर्मलच्या गेटबाहेर छत्री लावून क्रेडिट कार्डाचे अर्ज भरून घ्यायला सुरुवात केली. किशोरनेही भरला. रविवारी तो टायवाला माणूस सह्या घ्यायला घरी आला.

"सर, आयुष्यभर फी नाही," तो चहाचा कप हातात धरून सांगत होता. "किराणा घ्या, पेट्रोल भरा, काहीही करा. जेवढं खर्च कराल त्याच्यातले थोडे पैसे बँक तुम्हाला परत देणार. कॅश-बॅक."

आशा स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. "म्हणजे किराणा आम्ही घ्यायचा आणि बँक पैसे देणार?"

"हो ना वहिनी."

"मग कार्ड मलाच द्या की. घरात किराणा मी आणते. मेसचा बाजार म्हणजे यांच्या खर्चाच्या कितीतरी पट."

माणसाने किशोरकडे बघितलं. "वहिनी, तुम्ही नोकरीला कुठे?"

"नोकरी नाही. मेस आहे माझी."

"तसं नाही, पगाराची स्लिप लागते."

"मला कोण देणार स्लिप? मालकीण मीच आहे."

यावर तो माणूस हसला. किशोरही हसला. मग माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला, "असं करू वहिनी. सरांच्या कार्डावर तुम्हाला ॲड-ऑन कार्ड देऊ. अगदी तुमचं नाव छापून येईल. वापरायचं तसंच, आणि कागदपत्रांची कटकट नाही."

कार्ड आलं तेव्हा त्यावर खरोखरच तिचं नाव होतं, उठावाच्या अक्षरांत. आशाने त्या अक्षरांवरून बोट फिरवून बघितलं. भागीबाईला दाखवलं. भागीबाई म्हणाली, "तुमच्या नावाचा हाय? मंग बेस झाला."

बिटको चौकाच्या पुढे तेव्हा एक मोठं किराणा दुकान नवीन निघालं होतं. ढकलगाडी घेऊन आपलं आपण सामान काढायचं, शेवटी कार्ड द्यायचं. आशा मेसचा सगळा बाजार तिथून करू लागली. तेलाचे डबे, डाळी, तांदूळ, साबण. महिन्याचं बिल घरी आलं की ती आपल्या खात्याचा चेक लिहायची आणि तारखेच्या आधी स्वतः जाऊन बँकेच्या पेटीत टाकायची. मुलीला, तृप्तीला, कांजिण्या झाल्या होत्या त्या महिन्यातही तिने चेक चुकवला नाही. सासरे दवाखान्यात होते तेव्हाही नाही. उधारी वेळेत फेडायची हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मेस चालवणाऱ्या बाईचं वाण्याकडे नाव खराब झालं की चूल बंद होते, हे तिला आपसूक कळत होतं.

बँकेलाही ते कळत होतं. पण बँकेला ते किशोरचं वाटत होतं.

वर्षभरात कार्डाची मर्यादा वाढली. मग पुन्हा वाढली. 'आपल्या उत्तम परतफेडीबद्दल' म्हणून किशोरला पत्रं येऊ लागली. ड्युटीवर असताना बँकेचे फोन यायचे, सर कर्ज घेता का, सर सोन्याच्या रंगाचं कार्ड घेता का. कँटीनमध्ये किशोर ते फोन जरा मोठ्याने घ्यायचा. "नाही हो, सध्या गरज नाही," असं सांगताना त्याचा चेहरा फुललेला असायचा. वर्कशॉपमधले लोक म्हणायचे, "गायधनीची पत आहे बरं का."

कॅश-बॅकही किशोरच्याच खात्यात जमा व्हायची, कारण मूळ कार्ड त्याचं. दिवाळीच्या सुमाराला बरीच रक्कम साठलेली असे. एका दिवाळीला त्यातून त्याने मोबाइल घेतला. दुसऱ्या दिवाळीला आशाला साडी आणली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "बँकेने मला बोनस दिला, त्यातून घेतली." सासूबाईंनी डोळे पुसले. आशाने साडीची घडी उलगडली, चांगली आहे म्हणाली आणि आत गेली. तिच्याच तेलाच्या डब्यांतून ही साडी निघाली होती. हे कुणाला कसं सांगायचं, ते तिला त्या दिवशी सुचलं नाही. आत जाऊन तिने कांदे चिरायला घेतले. गरजेपेक्षा बरेच जास्त चिरले.

२००७ च्या उन्हाळ्यात जेल रोडच्या कोपऱ्यावर एक गाळा भाड्याने द्यायचा निघाला. रस्त्यालगत, मोठा, मागे धुण्याभांड्यांना जागा. आशाची मनात बाकं मांडून झाली होती. डिपॉझिटपुरते पैसे तिच्याकडे होते, पण कणीक मळायचं यंत्र, मोठा फ्रीज, भट्टी यासाठी कर्ज लागणार होतं. कर्जासाठी तिला ती कार्डवालीच बँक आठवली. इतकी वर्षं वेळेवर पैसे भरतोय, आपल्याला ओळखणार नाहीत तर कुणाला, असं तिला वाटलं. मेसची इन्कम टॅक्सची विवरणं वकिलाकडून तीन-चार वर्षं भरून घेतलेली होती, ती पिशवीत घातली आणि ती बँकेच्या शाखेत गेली.

समोर वेदिका नावाची तरुण अधिकारी होती. बोलायला गोड, कामाला चटपटीत. तिने आशाचा पॅन नंबर संगणकात टाकला, पुन्हा टाकला.

"मॅडम, तुमच्या नावावर काहीच दिसत नाही."

"बाकी काही नसेलच. कधी एक दिवस उशीर केला नाही मी."

"तसं नाही म्हणत. थकबाकी नाही, आणि भरलेलंही नाही. तुम्ही कधी कर्ज किंवा कार्ड वापरलंय असं रेकॉर्डच नाही."

आशाने पर्समधून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. "हे काय आहे मग? तुमच्याच बँकेचं आहे."

वेदिकाने कार्ड उलटसुलट करून बघितलं. तिचा आवाज थोडा खाली आला. "हे ॲड-ऑन आहे. सरांच्या कार्डाला जोडलेलं. याच्यावर जे होतं ते सरांच्या नावावर चढतं."

"पण बिल मी भरते. माझ्या खात्याच्या चेकने."

"चेक कुणाचा ते बघत नाहीत, मॅडम. कार्ड कुणाचं ते बघतात. सरांचं रेकॉर्ड मात्र फारच छान आहे." तिने हे आशाला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

"छान असणारच," आशा म्हणाली. "मी केलंय ते."

वेदिकाने सुचवलं की आधी स्वतःच्या नावाने ते कॅश-बॅकचं कार्ड घ्या, वर्षभर वापरा, मग कर्जाचं बघता येईल. आशाने तिथेच बसून अर्ज भरला. काही दिवसांनी नकार आला. कारण लिहिलेलं नव्हतं. ती पुन्हा शाखेत गेली.

"क्रेडिट हिस्ट्री नाही म्हणून नामंजूर झालं," वेदिका म्हणाली.

"कार्ड नाही म्हणून हिस्ट्री नाही. आणि हिस्ट्री नाही म्हणून कार्ड नाही?"

"हो मॅडम."

"हे तुम्हाला बोलताना ऐकू येतं का?"

वेदिकाने खुर्ची पुढे ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "एक रस्ता आहे. बँकेत मुदत ठेव ठेवा. त्या ठेवीच्या आधारावर कार्ड देतात. त्याला हिस्ट्री लागत नाही, आणि वापरलंत की तुमच्या नावाने रेकॉर्ड तयार होतं."

म्हणजे स्वतःचेच पैसे बँकेच्या हातात द्यायचे आणि मग बँक विश्वास ठेवणार. आशाला ते झोंबलं, पण रस्ता होता. ती तयार झाली. अर्ज शाखाधिकाऱ्यांच्या केबिनमध्ये गेला. चष्मा कपाळावर चढवलेले ते साहेब अर्ज चाळून म्हणाले, "ठीक आहे, करू. एकदा मिस्टरांना घेऊन या. त्यांची सही घेतलेली बरी."

"ठेव माझी आहे. पैसे माझे. त्यांची सही कशाला?"

"तशी गरज नाही हो, पण घरात वाद नकोत नंतर. आम्ही नेहमी असंच करतो."

त्या दिवशी आशा बँकेतून रिक्षाने आली नाही. दत्त मंदिराच्या चौकातून पायीच निघाली, उन्हात, डोक्यावर पदर न घेता. एकेक गोष्ट पुन्हा आठवत होती. सासूबाईंची गरीब गाय, टायवाल्याचं हसणं, ती साडी, 'सरांचं रेकॉर्ड फारच छान आहे'. घरी पोचेपर्यंत तिच्या लक्षात आलं की आपण दात आवळून चाललोय, जबडा दुखतोय.

किशोर पहिली पाळी करून आला होता. तिने सगळं सांगितलं. तो शर्टाची बटणं काढत ऐकत होता.

"एवढंच ना? येतो उद्या, करतो सही."

"सही नकोय मला तुमची."

"मग राहू दे. माझ्या नावावर कर्ज काढू. मला तर फोनवर देतात. आणि एकाच घरात तुझी पत, माझी पत, असं काय लावलंयस?"

"एकच आहे ना? मग ती तुमच्या नावावर कशी गेली? माझ्या नावावर का नाही आली?"

"आता बँकेचा नियम आहे त्याला मी काय करू?"

"कॅश-बॅक तरी माझी होती. ती दिली कधी?"

"साडी आणली होती की!"

आशाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने ओट्यावर आपटला. पाणी भिंतीवर उडालं. आतल्या खोलीत अभ्यास करणारी तृप्ती दारात येऊन उभी राहिली. आईचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता.

"पाच वर्षं मी चेक लिहितेय! तुम्हाला त्या पेटीचा रस्ता तरी माहीत आहे का? तुमचं नाव मी मोठं केलं आणि मला तिथली पोरगी सांगते, तुम्ही कुठे दिसतच नाही!"

"एवढा राग होता तर आधी बोलायचं," किशोर म्हणाला.

"बोलले होते. तो माणूस घरी आला होता तेव्हाच बोलले होते. तुम्ही दोघं हसलात."

किशोरला ते आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आशाला हेच सगळ्यात जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने आपल्या बाजाराचं शेवटचं बिल पैन् पै चुकतं केलं. बँकेला फोन करून ॲड-ऑन बंद करायला सांगितलं, कार्डाचे कात्रीने तुकडे केले आणि किशोरला म्हणाली, "माझं सगळं फिटलंय. आता त्या कार्डावर जे काही असेल ते तुमचं. चेक तुम्ही टाकायचा."

"टाकीन की," किशोर म्हणाला.

पण आजवर त्याने कधी टाकलाच नव्हता. शिवाय त्या कार्डावर त्याच महिन्यात चढलेलं, अजून बिलात न आलेलं आणि आशाला ठाऊक नसलेलं बरंच काही होतं. धाकटा भाऊ मनोज याने नाशिकरोडला मोबाइलचं दुकान टाकलं होतं. त्याच्यासाठी किशोरने वाढलेल्या मर्यादेतून माल उचलून दिला होता आणि वर एकदा रोख रक्कमही काढली होती. मनोज दर महिन्याला देतो म्हणायचा आणि देत नव्हता. किशोर आता दर महिन्याच्या मोठ्या बिलापैकी थोडेथोडे भरू लागला. मग तेही राहू लागले. कार्डाचं व्याज म्हणजे काय चीज असते हे त्याला पहिल्यांदा कळलं. फोन आता कँटीनमध्ये घेता येईनात. तो बाहेर जाऊन, कोळशाच्या मालगाडीच्या आवाजात, हात तोंडावर धरून बोलायचा.

आशाला हे माहीत नव्हतं. तिने ठेवीचा अर्ज तसाच ठेवला होता. सही आणणार नाही आणि अर्जही मागे घेणार नाही, असं वेदिकाला सांगून आली होती. कोपऱ्यावरच्या गाळ्याचा मालक मात्र थांबला नाही. तिथे मिठाईचं दुकान आलं.

डिसेंबरमधल्या एका दुपारी मेस भरलेली होती. शेवभाजीचा दिवस असल्यामुळे मुलं दारातसुद्धा उभी होती. तेवढ्यात दोन माणसं आत आली. एकाने डोळ्यांवरचा गॉगल काढलाच नाही.

"किशोर गायधनी कुठंय?"

"ड्युटीवर. काय काम आहे?"

"तू कोण? बायको का?"

आशाच्या हातात वाढायचा डाव होता. "नीट बोला. मी मेसची मालकीण आहे."

"मालकीण! मग पैसे भर की. बँकेचे पैसे खाऊन इथं लोकांना जेवायला घालतेस होय?" त्याने आवाज मुद्दाम चढवला होता. मुलांचे हात ताटात थांबले. "फोन उचलत नाही तुझा नवरा. हे बघ, यादीत तुझंपण नाव आहे. ॲड-ऑन होतीस ना? मग तुझीपण जबाबदारी."

भागीबाई चुलीपासून उठली. "ताई, कोन हायेत हे? जेवायला आलं नाय का?"

आशाने डाव खाली ठेवला. 

"पुन्हा बोला," ती म्हणाली. "शेवटचं वाक्य पुन्हा बोला."

"ॲड-ऑन होतीस, तुझीपण जबाबदारी."

"हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"बँकेनं. कुणी म्हणजे काय?"

"बसा इथेच. नाहीतर चला माझ्याबरोबर बँकेत. तिथे हेच बोला."

ते तिच्याबरोबर येणार नव्हतेच. संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर बाकं उचलून नेऊ, अशी दमदाटी करून गेले. आशाने मुलांना सांगितलं, "जेवा रे, भाजी गार होतेय," भागीबाईवर मेस सोपवली आणि हात धुऊन, भाजीचे शिंतोडे उडालेल्या त्याच साडीत बँकेत गेली.

महिन्याची अखेर असल्यामुळे शाखेत रांगा लागल्या होत्या. ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ मधोमध जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मॅनेजर साहेबांना बाहेर बोलवा."

साहेब बाहेर आले. तिला ओळखून जरा ओशाळं हसले. "या ना मॅडम, केबिनमध्ये बसून बोलू."

"केबिनमध्ये नको. तुमची माणसं माझ्या गिऱ्हाइकांसमोर बोलली. मी तुमच्या गिऱ्हाइकांसमोर बोलते."

रांगेतली माणसं वळून बघू लागली. वेदिका आपल्या टेबलामागे उभी राहिली होती.

"मला एवढंच सांगा," आशा म्हणाली. तिचा आवाज फार मोठा नव्हता, पण रांगेच्या टोकापर्यंत पोचत होता. "त्या कार्डावर मी होते की नव्हते? पाच वर्षं मी बिल भरलं तेव्हा तुम्ही म्हणालात, तुम्ही कुणी नाही, सगळं सरांचं. आता सरांनी बुडवलं तर तुमचे गुंड माझ्या मेसमध्ये येऊन म्हणतात, तुझं नाव आहे, तू भर. मी असेन, तर माझी पाच वर्षं माझ्या नावावर लावा. मी नसेन, तर माझ्या दारात यायचं नाही. दोन्हीतलं एक बोला. आत्ता बोला."

"मॅडम, ती माणसं आमची नाहीत, एजन्सीची असतात."

"पैसे कुणाला मिळणार? एजन्सीला की तुम्हाला?"

रांगेतले एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई बरोबर बोलतायत, साहेब." साहेबांनी चष्मा कपाळावरून खाली आणला, पुसला, पुन्हा लावला.

"कायद्याने जबाबदारी मूळ कार्डधारकाची. तुमची नाही."

"हे लिहून द्या."

"मी त्या लोकांना फोन करतो ना."

"फोन तुम्ही करालच. लिहूनही द्या. आणि माझा ठेवीचा अर्ज तुमच्या टेबलावर पडून आहे. नवऱ्याची सही लागते असा नियम असेल तर तो मला दाखवा."

"तसा नियम नाही, मॅडम. मी फक्त सुचवलं होतं."

"मला सुचवू नका," आशा म्हणाली. "मी तुमच्याकडे सल्ला मागायला आले नव्हते."

पत्र वेदिकाने टंकून आणलं. साहेबांनी सही केली. आशाने ते तिथेच उभं राहून दोनदा वाचलं आणि घडी करून घेतलं. बाहेर आल्यावर तिला रडू आलं. रसवंतीच्या दुकानामागे जाऊन ती रडली, चांगली हुंदके देऊन, आणि रडतानासुद्धा तिचा राग कमी होत नव्हता.

संध्याकाळी किशोर घरी आला तेव्हा त्याला सगळं कळलेलं होतं. मेसमधलं शिकाऊ मुलांनीच थर्मलमध्ये सांगितलं होतं, बँकेतलं रांगेतल्या कुणीतरी.

"चारचौघांत माझी अब्रू घालवलीस," तो म्हणाला.

"मी घालवली?"

"बँकेत जाऊन नवऱ्याने बुडवलं म्हणून ओरडलीस. घरात बोलायचं होतं. मनोजच्या दुकानापायी झालंय ते, त्याने पैसे दिले नाहीत. तुझ्याकडे ठेवीचे पैसे आहेत. ते भरले असते तर विषय मिटला असता."

"विषय तुमचा आणि मनोजभाऊजींचा मिटला असता. माझा नसता मिटला."

"म्हणजे तू भरणार नाहीस?"

"नाही."

त्याने तिच्याकडे बघितलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि या बाईने त्याला सरळ नाही म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो उठून आत गेला. जेवलाही नाही. पुढच्या महिन्यात त्याने थर्मलच्या कामगारांच्या पतपेढीतून कर्ज काढलं आणि कार्डाचे पैसे तडजोडीने मिटवले. पण तडजोड झाल्याची नोंद त्याच्या रेकॉर्डवर राहिली, आणि कौतुकाचे फोन बंद झाले. मनोजने पैसे आजतागायत दिलेले नाहीत. सासूबाई काही महिने सुनेशी बोलल्या नाहीत. गरीब गाय हा शब्दही त्यांनी पुन्हा काढला नाही.

आशाचं कार्ड जानेवारीत आलं. ठेवीवरचं, छोट्या मर्यादेचं. तिने ते मेसच्या बाजारालाच वापरलं आणि बिल पूर्वीसारखंच तारखेआधी भरलं. वेदिकाने फोन करून सांगून ठेवलं होतं, मर्यादेच्या काठापर्यंत वापरू नका, थोडं राखून वापरा, नुसतं किमान भरू नका, पूर्ण भरा. दीड वर्षाने बँकेने ठेव न मागता ते कॅश-बॅकचं कार्ड तिला दिलं. ज्या अर्जाला आधी कारण न देता नकार आला होता, तोच अर्ज, तीच बाई, तीच मेस. आशाला आनंद झाला नाही. तिने पाकीट फोडलं आणि म्हणाली, "मग तेव्हा काय झालं होतं?" 

२०१० मध्ये तिला यंत्रांसाठी कर्ज मिळालं, फक्त तिच्या सहीवर. कोपऱ्यावरचा गाळा गेला तो गेलाच. तिला मिळाला तो भाजीबाजाराच्या मागे, अरुंद, दुपारी तापणारा. तिथे मेस हलवली त्या दिवशी किशोर सुट्टी टाकून आला होता. बाकं लावायला त्याने मदत केली, पंखा चढवला, घामाघूम झाला. जेवणाच्या वेळेला त्याचे वर्कशॉपमधले चार सोबती आले. तो त्यांना दारातच हात धरून आत आणत म्हणाला, "या या, ही आमची नवी मेस."

आशा गल्ल्यावर बसून सुट्टे पैसे मोजत होती. तिने वर बघितलं.

"माझी," ती म्हणाली.

सोबत्यांनी एकमेकांकडे बघितलं. किशोरने सोबत्याचा हात सोडला. एखाद्या बाईने इथे हसून वेळ मारून नेली असती, आशाने नेली नाही.

मग किशोर म्हणाला, "हो. हिची." आणि खुर्ची ओढून सोबत्यांबरोबर बसला.

मटकीची उसळ त्या दिवशी कमी पडली. भागीबाईने आतून ओरडून विचारलं, पिठलं टाकू का. आशा म्हणाली, टाक, आणि पदर खोचून आत गेली.